डोंगरकड्याचा अठरावा खड्डा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की मौजे डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली येथे गोल्फ या खेळाचा अठरावा खड्डा एका दुपारपुरता अस्तित्वात होता. पहिले सतरा कुठे होते, असे कृपया विचारू नये. ते कधीच नव्हते. आम्ही थेट अठराव्यापासून सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. खड्डा मुळात घुशीचा होता. त्याला हा मान मिळवून दिला तो आमच्या दगडूमामांनी, आणि हे निवेदन त्यांच्याबद्दल आहे.

मामा बैलबाजारातले दलाल. आख्ख्या गावाचे मामा, सख्ख्या भाच्यांपासून ते ग्रामसेवकापर्यंत. त्यांची पहिली भेट ज्याला आठवते त्याला एकच गोष्ट आठवते: मामांनी आपल्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते पायांकडे पाहत. माणूस चार पावलं चालून गेला की मागून निकाल ऐकू येई. बँकेत नवा साहेब आला, मामांनी त्याला पायरी चढताना पाहिलं आणि म्हणाले, "मागच्या पायात दम न्हाई. बदली मागून घेईल." साहेबाने दिवाळीच्या आत बदली मागून घेतली. मी बाजारासमोर इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याबद्दलही निकाल झाला: "पोरगं खांद्याला चांगलं हाय, पन वळनावर अडतं." माझी बायको हे वाक्य आजही महिन्यातून एकदा तरी वापरते. मामांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ते मला 'इलेक्ट्रिक' म्हणत.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे. "आधी जमीन बघावं, मंग जनावर बघावं, मालकाकडं तर बघूच नये." काळ्या रानात जो बैल देवासारखा चालतो तोच मुरमाड उतारावर गाढवासारखा वागतो, हे ते गिऱ्हाइकाला अशा आवाजात सांगत की गिऱ्हाईक बैल सोडून आधी आपली जमीन बघायला घरी जाई.

गावात या शास्त्राला न मानणारा एकच माणूस होता. रशीदभाई टेलर. त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मामांच्या शब्दावर त्यांनी एक शेळी घेतली होती. मामा म्हणाले होते, दर वेताला जुळी देईल. शेळीने दर वेताला एकच करडू दिलं आणि रशीदभाईंकडे पाहून निवांत रवंथ केलं. तेव्हापासून मामा काहीही बोलले की शिलाईमशीनचं चाक थांबे आणि आतून आवाज येई, "मामा, पहले आपला चष्मा बदला." मामांच्या तोंडून एखादी गोष्ट खरी निघाली आणि सगळा बाजार माना डोलवू लागला, तरी रशीदभाई 'बराबर' हा शब्द उच्चारत नसत. गावात तो शब्द उठता-बसता वापरला जातो. रशीदभाई तो कापडाबद्दल वापरत, चहाबद्दल वापरत, माझ्या मूर्खपणाबद्दल वापरत. मामांबद्दल कधीच नाही. आणि मामांना नेमका तोच एक शब्द, त्याच एका माणसाकडून हवा होता.

आता गोल्फ. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला एक टीव्ही लावलेला होता. पोळा पंधरवड्यावर आला असताना त्याचा पॅक संपला. सगळ्या वाहिन्या गेल्या, एकच खेळांची वाहिनी फुकटात चालू राहिली, आणि तिच्यावर परदेशातली गोल्फची मोठी स्पर्धा सुरू झाली. गुरुवार ते रविवार. मी पॅक भरणार होतो, पण तेवढ्यात मामा पंखा दुरुस्तीला घेऊन आले.

ते पडद्यासमोर उभे राहिले.

"इलेक्ट्रिक, एवढं गायरान, अन् एक बी जनावर न्हाई?"

"ते खेळाचं मैदान आहे, मामा."

"हे गवत कोन खातं?"

"कोणी नाही. मशीनने कापतात."

"अन् मंग?"

"फेकून देत असतील."

मामांना बसायला स्टूल द्यावं लागलं. ते जरा सावरले तोच पडद्यावर वाळूचा मोठा खड्डा आला. पांढरी, चाळलेली, धुतलेली वाळू. मामा स्टुलावरून उठले. "ही वाळू अशी उघड्यावर? रातच्याला ट्रॅक्टर घेऊन कोनीच येत न्हाई?" मी म्हणालो, उलट खेळणारे तिच्यात जायला घाबरतात. "घाबरनारच," मामा म्हणाले. "तलाठी बघत असल."

एवढ्यात शेजारून रशीदभाई आले. त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांचीही नजर अडकली, पण दुसरीकडे. "क्या पँट शिवली हाय," ते म्हणाले. "बसताना ओढत न्हाई, वाकताना फुगत न्हाई. हा पिवळ्या पँटवाला जिंकनार."

"पँटीवर?" मामांनी विचारलं.

"पँटीवर. ज्याची बैठक बराबर, त्याचा फटका बराबर."

पँटीला बराबर मिळालं. मामांचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी गोल्फ हा आमच्या गावचा खेळ झाला.

मी दोघांना नियम समजावला: ज्याला कमी फटके लागतील तो जिंकतो. कमी काम करणारा जिंकतो, हे ऐकून ग्रामपंचायतीचे दोन सदस्यही येऊन बसले. शुक्रवारी मामांनी शास्त्र चालवायला घेतलं. खेळाडू पडद्यावर आले की ते हाताने माशी वारावी तसं करत. "ही मानसं हटव. जमीन दिसू दे." मी कसा हटवणार? पण मधूनच वरून, पाखराच्या नजरेने सगळं मैदान दाखवत, तेव्हा मामा श्वास रोखून बसत. झाडं एका अंगाला कलली होती, म्हणजे वारं कुठून येतं ते कळलं. सकाळी झेंडे लोंबत होते आणि दुपारनंतर फडफडत होते, म्हणजे सकाळी खेळणाऱ्यांची चैन आणि जे पुढे असतात, शेवटी खेळतात, त्यांचे हाल. दव असलेलं गवत चेंडू धरून ठेवतं, वाळलं की सोडून देतं. "समदं ठीक हाय," मामांनी शेवटी सांगितलं. "पन निकाल अठराव्यावर लागनार. तिथं जमीन डावीकडं ओढती, अन् डावीकडं पानी हाय. उजव्या हाताच्या मानसानं जोर लावला की चेंडू डावीकडंच जातो. गडी कितीबी तगडा असू दे, जमीन त्याला पान्यात नेती. हितं डावरा पायजे. बैलजोडीत नसतो का, डाव्या अंगाचा बैल? तसा."

आणि त्या सगळ्या खेळाडूंत, यादीत वर राहिलेला डावरा एकच होता. सुकलेल्या पडवळासारखा, मान पुढे काढून चालणारा, शर्ट एका बाजूने बाहेर आलेला. रशीदभाईंना तो पाहवेना. "उसकी तो बाह्या बी लांब हैत," ते म्हणाले. "बिचाऱ्याला कोनी माप घेऊन शिवलंच न्हाई."

"रशीद," मामा म्हणाले, "शर्त?"

शर्तीत पैसा नको, असं दोघांनीही सांगितलं. पैसा काय, कुणीही लावतं. ठरलं ते असं. पडवळ जर पँटीच्या पुढे राहिला, तर रशीदभाईंनी भर बाजारात, सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मामा बराबर बोलले.' आणि पडवळ मागे पडला, तर मामांनी पोळा पार पडेपर्यंत कोणत्याही जनावराबद्दल, माणसाबद्दल, ढगाबद्दल किंवा जावयाबद्दल मत द्यायचं नाही.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल वेशीतून जातात तेव्हा मामा वेशीला उभे असतात आणि प्रत्येक जोडीला एक वाक्य देतात. ते वाक्य मिळाल्याशिवाय कोणी बैल पुढे हाकत नाही. लोक वर्षभर त्या वाक्यावर जगतात. मामांनी पोळा पणाला लावला होता.

बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो. दोघं हात मिळवतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून किंमत ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला काही कळू नये. आणि रुमालाखाली दिलेला शब्द परत घेता येत नाही. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, रशीदभाईंनी हात दिला. पण इथे किंमत नव्हतीच, त्यामुळे बोटं दाबायला काही नव्हतं. दोघे नुसतेच रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बसले. कोणी आधी सोडायचा ते कळेना. शेवटी मीच चहा मागवला.

शनिवारी रशीदभाई म्हणाले, जमीन ओढते ही सब बातां हैत. मामा म्हणाले, चल दाखवतो. गावाबाहेर, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गायरान आहे. तिथे एक उतार आहे, आणि उताराच्या डाव्या हाताला ओढ्यावरचा बंधारा. अगदी अठराव्यासारखा, फक्त बंधाऱ्यात म्हशी होत्या. उताराच्या पलीकडे घुशीचं बीळ होतं, ते पक्कं केलं. चेंडू म्हणून हळदीचे गड्डे आणले. आमच्या भागात आणखी काय आणणार? आणि काठी म्हणून आकडी, शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा ओढतात ती, टोकाला वाकडी.

पहिला मान सरपंचांचा. त्यांनी आकडी उचलली, गावाकडे एकदा पाहिलं, आणि गड्डा सरळ बंधाऱ्यात घातला. मग ग्रामसेवक, बंधाऱ्यात. मी, बंधाऱ्यात. रशीदभाईंनी आधी माप घेतल्यासारखं एक डोळा मिटून पाहिलं, मुद्दाम उजवीकडे तोंड करून मारला, आणि गड्डा हवेत वळून शांतपणे बंधाऱ्यातच गेला. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव मारून गेलं. त्या दिवशी डोंगरकड्यात म्हशींना हळद लागली असं लोक अजून म्हणतात.

"वारं हाय," रशीदभाई म्हणाले.

"पान बी हलत न्हाई," मामा म्हणाले.

तेवढ्यात मामी आल्या. जेवण तसंच पडलंय, हे सांगायला आल्या होत्या. मामी डावऱ्या. मामांची डावऱ्यांवरची श्रद्धा पुस्तकी नव्हती, ते नेहमी सांगत, "डाव्या हाताचा फटका कुठून येतो ते कळतच न्हाई. मला इचारा." त्यांनी मामींच्या हातात आकडी दिली. मामींनी विचारलं, हे काय आहे. मामा म्हणाले, काय नाही, तो गड्डा त्या बिळाकडं मार. मामींनी डोईवरचा पदर दातात धरला आणि डाव्या हाताने एकच ठेवून दिला. गड्डा उतारावरून कोरडाच गेला, पलीकडे पडला आणि घरंगळत बिळाच्या तोंडाशी थांबला.

सगळं गाव बिळाकडे धावलं.

"एवढ्यासाठी जेवान थांबवलं व्हय?" मामी म्हणाल्या, आकडी टाकली आणि निघून गेल्या.

मी रशीदभाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ 'ब' साठी मिटले होते, हे मी शपथेवर सांगतो. मग ते म्हणाले, "बाईमानूस हाय, पन हात चांगला हाय."

रविवारी माझ्या दुकानात विक्रीचा एकही बल्ब धड राहिला नाही इतकी गर्दी. योगायोग असा की शेवटच्या जोडीत पिवळी पँट आणि आमचा पडवळ बरोबरच खेळत होते. अठराव्याला आले तेव्हा पडवळ एका फटक्याने पुढे होता. वारं सुटलं होतं. पिवळ्या पँटीने जोर लावला, आणि चेंडू डावीकडे वळत वळत गेला, थेट पाण्याच्या काठाला. दुकानात आरडाओरडा झाला. मामा हलले नाहीत. पडवळाने मारला, चेंडू कोरडा, सरळ, मामींच्या गड्ड्यासारखा. मामांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

इथे परमेश्वराला शिवणकाम आठवलं. पिवळ्या पँटीचा चेंडू पाण्यात पुरता बुडाला नव्हता. त्याने बूट काढले, मोजे काढले, आणि पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली. "देखो," रशीदभाई कुजबुजले, "पायाची मोरी ढिली ठेवली हाय. तंग असती तर चढली असती का?" तो पाण्यात उतरला, चिखलासकट चेंडू उडवला, आणि चेंडू झेंड्याजवळ जाऊन पडला. पँटीवर एक शिंतोडा नाही. त्याने तो आत घातला.

पडवळाचा चेंडू दुसऱ्या फटक्यात खड्ड्यापासून वितीवर आला होता; आता तेवढा तो आत ढकलायचा होता. आमच्या गावातलं कोणीही ढकललं असतं, डोळे मिटून. त्याने ढकलला. चेंडू खड्ड्याच्या कडेने फिरला, आत डोकावला आणि बाहेर आला. त्याने पुन्हा ढकलला. पुन्हा बाहेर.

तिसऱ्यांदा आत गेला, पण तोवर पडवळ एका फटक्याने मागे पडला होता. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे कोणीच वाजवल्या नाहीत, रशीदभाईंनीसुद्धा. मामा पडद्याकडे पाहत म्हणाले, "जमीन बघितली, जनावर बघितलं. शेवटची वीत बघायची राह्यली." मग त्यांनी रुमाल तोंडावरून फिरवला, आणि ते त्यांचं त्या पंधरवड्यातलं शेवटचं मत ठरलं.

पोळ्याच्या दिवशी मामा वेशीला आले. यायलाच हवं असं नव्हतं, पण आले. बैल आले, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, पाठीवर रशीदभाईंनी शिवलेल्या झुली. प्रत्येक मालक जोडी मामांसमोर थांबवी, सवयीने. मामा पायांकडे बघत आणि मान हलवून पुढे जा असं खुणावत. एक म्हातारा शेतकरी बैल घेऊन हटेचना. "अहो, वाईट तरी बोला," तो म्हणाला. त्या वर्षी पोळा लवकर आटोपला आणि कोणालाच बरं वाटलं नाही.

सगळ्यात शेवटी रशीदभाई आले. त्यांनी ती शेळी आणली होती. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर मापाने शिवलेली, काठाला जर लावलेली झूल. मामांसमोर त्यांनी तिला उभं केलं. "बोला मामा," ते म्हणाले. "मी शर्त सोडली. गाली द्या, काय बी द्या."

मामांनी शेळीचे पाय पाहिले. कास पाहिली. पोट पाहिलं. मग रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि घराकडे चालू लागले. रुमालाखालचा शब्द होता.

"काहून असं करून राहिला हा आदमी?" रशीदभाई मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि शेळी त्यांच्या सदऱ्याचं बटण खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करायच्या आत मामा पायरीवर बसलेले होते. त्यांनी आदल्या दिवशीच्या प्रत्येक जोडीचा निकाल, वेशीतून गेली त्या क्रमाने, एका दमात सांगितला. चहा थंड झाला. मी विचारलं, आणि शेळी? मामांनी शिलाईमशीनच्या दिशेने कान दिला. चाक थांबलेलं होतं.

"झूल चांगली शिवली व्हती," ते मोठ्याने म्हणाले.

चाक पुन्हा सुरू झालं. बराबर काही आला नाही.

पुढे मी पॅक भरला आणि गोल्फ गेलं. मामा रोज येत, टीव्हीवर शेती दिसली की माणसं हटव म्हणत. गेल्या थंडीत एका सकाळी ते बाजेवर बसले, समोरून जाणाऱ्या कुणाच्या तरी पायांकडे पाहत होते, आणि निकाल द्यायच्या आधीच गेले. तो जाणारा माणूस मी होतो, अशी माझी खात्री आहे. अजून वळणावर माझे पाय अडखळतात.

स्मशानाची वाट गायरानातूनच जाते. दव पडलेलं होतं, गवत ओलं. मामी घरी थांबायला तयार झाल्या नाहीत. तिरडीमागून चालत होत्या. पुढे सरपंच आणि मी, मागे ग्रामसेवक आणि मामांचा भाचा, सगळे उजव्या हाताचे. उताराला लागलो आणि माझा पाय सरकला. मग सरपंचांचा. आम्ही सरळ जायला पाहत होतो आणि जात होतो डावीकडे, पावलापावलाने, बंधाऱ्याच्या दिशेने. म्हशींनी माना वर केल्या. तिरडी कलली. लोक 'सांभाळा, सांभाळा' म्हणत धावले, आणि जो धावला तोही डावीकडेच घसरला. मागून टोपी हातात धरून रशीदभाई पळत आले, आणि भर अंत्ययात्रेत, आख्ख्या गावासमोर, त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं:

"उजव्या हाताचे समदे बाजूला सरा रे! भाभी, तुमी या पुढं, तुमी खांदा द्या. ही जमीन डावीकडं ओढून राहिली, मामा बराबर बोलले व्हते!"